चुळीवरची शेवंती

शेवंतीचं कौतुक करणाऱ्या माणसानं एकदा तिच्या बुडाशी वाकून पाहावं. वर पिवळीधमक बटणं, आणि खाली काळी पडलेली, ओली, एकमेकांना चिकटलेली पानं. त्यांच्या आड शेंबडासारखा माग सोडत फिरणाऱ्या बिनशंखाच्या गोगलगाई. कोवळ्या शेंड्यांवर दाटीनं बसलेला मावा, काळपट तांबूस, जो चिमटीत चिरडला की बोटांना विटकरी चिकट रस लागतो आणि साबणानंही लवकर सुटत नाही. हे सगळं मी आयुष्यभर केलं आहे, अजूनही करते, आणि दर वेळी मला मळमळतं. लोक म्हणतात, सवय होते. खोटं बोलतात.

आमच्या अकोल्याच्या घरापुढं सगळीकडे सिमेंटचे ठोकळे बसवले आहेत. फक्त फाटकाजवळचा एक कोपरा काळ्या मातीचा उरला आहे आणि त्यात माझी शेवंती आहे. वीतभर उंच, पण पसारा असा, की पाचसहा म्हशींनी गोठ्यात अंग टाकावं तसं तिनं त्या कोपऱ्यात अंग टाकलं आहे. बारीक बटणासारखी पिवळी फुलं, इतर शेवंतींच्या आधी, घट बसायच्या सुमारास येतात. आमच्या घरात नवरात्राची पहिली माळ या शेवंतीचीच चढते. बाजारातली चालत नाही, शेजारणीची चालत नाही. माझ्या सासूनं चढवली, मी चढवली, आणि आता हातात सुई माझ्या सुनेच्या असते, पण फुलं तीच.

यंदा सुनेनं श्रावणातच सांगून ठेवलं, "आई, या वर्षी माळेपुरती फुलं आली नाहीत, तर तो कोपराही ठोकळ्यांनी भरून घेऊ. स्कूटी आत येईल."

सून पुण्याची आहे. वाईट गोष्टसुद्धा इतकी मऊ बोलते, की ऐकणाऱ्याला आधी बरंच वाटतं.

तिचा राग शेवंतीवर नव्हता. शेवंती वाढते कशावर, त्यावर होता. तर ते आता सांगते. जेवण झालं असेल, तर मग वाचा.

ही शेवंती चुळीवर वाढते. म्हणजे सकाळी दात घासून झाल्यावर, दुपारी जेवण झाल्यावर, माणूस तोंडात पाणी घेतो, गालांत खळखळवतो आणि टाकतो, ते पाणी. घरातल्या सगळ्यांचं. तिच्या बुडाशी.

माझं माहेर अमरावतीचं. नळ, हौद, हौदाला पितळी तोटी, तोटीला सुद्धा आठवड्यानं चिंच लावून घासणारी आई. मी त्या घरातली धाकटी आणि सगळ्यात नाजूक. नाजूक म्हणजे काय, तर मला सगळ्याची किळस यायची आणि ती मी दागिन्यासारखी मिरवायची. केळाच्या सालाच्या आतल्या दोऱ्यांची किळस. दुधावरच्या सायीची किळस. दुसऱ्याच्या कंगव्याची तर बातच नको. कमरेला पावडर शिंपडलेला रुमाल खोचलेला असे आणि दर थोड्या वेळानं तो नाकाकडे जाई. आज ती पोरगी माझ्यासमोर उभी राहिली तर मी तो रुमाल तिच्याच तोंडात कोंबीन. पण तेव्हा मला वाटे, ही आपली शोभा आहे.

त्या शोभेचं लग्न वैशाखात झालं आणि ती अकोट रस्त्यावरच्या एका खारपाणपट्ट्यातल्या गावी येऊन पडली. खारपाणपट्टा म्हणजे पूर्णेच्या दोन्ही अंगांचा तो मुलूख, जिथं विहीर खणली की पाणी लागतं, आणि तोंडात घातलं की थुंकावं लागतं. मचूळ, खारट. कपाशी त्यावर कशीबशी तगते, डाळ मात्र त्यात शिजत नाही. पिण्याचं गोड पाणी आमच्याकडे बैलगाडीवर पिंप लादून नदीतल्या झिऱ्यावरून यायचं. झिरा म्हणजे वाळूत खणलेला खड्डा. त्यात हळूहळू पाझरेल तेवढं वाटीनं भरायचं. उन्हाळ्यात एक पिंप भरायला अर्धा दिवस जाई.

हे सगळं मला लग्नाआधी सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं. मी तेव्हा शालूचा काठ बघत होते.

सासरची पहिली सकाळ. मी ओसरीवर आले तर अंगणात माझा नवरा पाठमोरा उभा. कोवळं ऊन, पांढरं धोतर, रुंद पाठ. मला जरा बरं वाटलं. एवढ्यात त्या पाठीतून असा आवाज आला, जसा मोरीचं तोंड एकदम मोकळं झाल्यावर येतो. गळ्यात खालून वर, वरून खाली. मग त्यांनी वाकून, नेम धरून, एका हिरव्या झुडपाच्या बुडाशी चूळ टाकली. मागून सासरे आले, त्यांनी टाकली. मग दीर. मग सासू, म्हणजे आत्याबाई. रांगेनं. देवळात तीर्थ घ्यायला उभे राहावेत तसे, फक्त उलटे.

मग माझी पाळी आली. आत्याबाईंनी गोड पाण्याचा पेला माझ्या हातात दिला. मी चूळ भरली आणि तशीच उभी राहिले, गाल फुगवून.

"काहून वं, गिळून टाकतं का?" त्या म्हणाल्या. "टाक तिथं. शेवंतीत."

मी मान हलवली. गोठ्यामागं पळत गेले आणि उकिरड्यावर थुंकले. परत येईस्तोवर आत्याबाईंचा आवाज शेजारच्या तीन घरांत पोचला होता.

"पाहा वं माय! झिऱ्यावरून बैलं मरमर करून पानी आनतेत, अन् हे महाराणी उकिरड्याले पाजून आली! उकिरड्यावर काय आता मोगरा लावतं का?"

तेव्हापासून सासरी माझं नाव शीशीबाई पडलं, कारण दिवसभर माझ्या तोंडून तेवढंच यायचं. आणि शीशी करायला तिथं काय कमी होतं! सासरे तंबाखू मळायचे. त्यांची चूळ चहाच्या रंगाची यायची आणि ती त्या शेवंतीच्या एका ठरावीक बाजूला पडायची. आत्याबाई ती बाजू पाहुण्यांना दाखवत. "या अंगाले मावा लागत नाई. बुढ्याच्या तंबाखूनं मरते." बाकीच्या अंगाचा मावा त्या स्वतः अंगठ्यानं चिरडत आणि तोच अंगठा लुगड्याला पुसून कणीक मळायला बसत. मी पहिले काही दिवस भातावरच काढले.

शेवंतीची फुलं देवीला जातात, हे कळल्यावर तर माझ्या माहेरच्या सोवळ्याला कंठच फुटला. मी म्हटलं, "आत्याबाई, देवीला उष्ट्या पाण्याचं फूल?"

"फूल उष्टं हाये का पानी? फुलाले कोनं चावलं?"

"पण थुंकीच ना ती!"

"तुह्या अमरावतीची देवी नळाचं पानी पेत असन. आमची खारपानातली हाये. तिले सारं माहीत हाये."

मी म्हटलं, मी या झाडाला स्वच्छ पाणी घालून दाखवते. विहिरीत एवढं नितळ पाणी आहे, ते कुणी का घालत नाही?

घरातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. दीर काही बोलणार होता, आत्याबाईंनी त्याला डोळ्यानंच गप्प केलं. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद पसरला, तो आज मला पक्का ओळखू येतो, कारण आता तो माझ्या चेहऱ्यावर येतो. फुकटात तमाशा बघायला मिळणार असला की म्हातारीच्या चेहऱ्यावर येतो तो.

त्या उठल्या, खुरपं घेतलं आणि शेवंतीचा गड्डा मधोमध फोडला. या झाडाचं तसं असतं, बुडातून फुटवे येतात, प्रत्येकाला स्वतःच्या मुळ्या असतात, गड्डा फोडून दुसरीकडे लावला की लागतो. मुळ्यांना लटकलेली काळी चिकट ढेकळं, त्यातून वळवळणारा एक गांडूळ आणि वर्षानुवर्षांच्या चुळांचा कुबट वास, असं सगळं त्यांनी माझ्या मेंदीच्या हातांवर ठेवलं.

"घे. अर्धी तुही, अर्धी माही. तू तुह्या सोवळ्यानं वाढव. घटाच्या दिशी पाहू कोनाची माळ चढते."

मी माझी अर्धी विहिरीजवळ लावली. भोवती धुतलेले गोटे मांडले. केसातल्या आकड्यानं बुडाची काळी पानं एकेक उचलून टाकली, हाताला लागू नयेत म्हणून. भोवतालची जागा रोज झाडली. आणि सकाळ-संध्याकाळ विहिरीचं ताजं, नितळ, काचेसारखं पाणी घातलं. खारट आहे, हे मला सगळ्यांनी सांगितलं होतं. पण शाळेत शिकले होते ना मी, की मीठ जंतू मारतं! घसा दुखला की मिठाच्या पाण्यानं गुळण्या नाही का करत? मग झाडाला खारं पाणी म्हणजे तर औषधच. असं माझं डोकं चालायचं. रुमालाच्या पावडरीचा परिणाम असावा.

थोड्या दिवसांत मातीवर पांढरी साय धरली. मी ती नवऱ्याला बोलावून दाखवली. म्हटलं, "बघा, माती कशी स्वच्छ झाली!"

ते बघत राहिले. लग्न नवीन होतं, म्हणून काही बोलले नाहीत.

मग पानांच्या कडा करपल्या. मी आणखी पाणी घातलं. मग पाऊस लागला आणि खाराच्या मातीचं जे होतं ते झालं. ती पाणी आत घेईना आणि वरून वाहूनही जाऊ देईना. माझ्या गोट्यांच्या रिंगणात हिरवट डबकं साचलं, त्यावर डास नाचायला लागले. श्रावणात एकदा ऊन पडलं म्हणून मी झाडाला जरा आधार द्यायला गेले, तर सबंध गड्डा अलगद माझ्या मुठीत आला. मुळ्या नव्हत्याच. त्यांच्या जागी करड्या रंगाचा लगदा होता, आणि सडलेला कांदा व मेलेला उंदीर एकाच फडक्यात बांधून ठेवावेत तसा वास. तो लगदा माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. बांगड्यांच्या आत गेला.

मी किंचाळले. आत्याबाई धावत आल्या. बघितलं, आणि विहिरीच्या काठावर बसून, पोट धरून हसल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "स्वच्छ झाली ना वं?" त्या म्हणाल्या. "माती लयच स्वच्छ झाली!" म्हणजे नवऱ्यानं ते वाक्य घरात सांगितलं होतं. तेव्हापासून मी नवऱ्याला काही कौतुकानं दाखवलं नाही.

आत्याबाईंची अर्धी मात्र टवटवीत. पण भाद्रपदात पाऊस ओढला, कळ्या धरायची वेळ, आणि झिऱ्याचं पाणी गढूळ झालेलं, गाळून गाळून पुरवायचं. घरातल्या प्रत्येक तोंडाची चूळ हवी होती. एका सकाळी माझ्याकडे कुणी बघत नाही असं पाहून मी चूळ भरली, डोळे घट्ट मिटले, आणि टाकली. नेम चुकला. डोळे उघडले तर समोर सासऱ्यांचे पाय, ओले.

ते शांतपणे खाली बघत म्हणाले, "आता पाय बी फुलन."

त्या वर्षी पहिली माळ आत्याबाईंच्या अर्ध्याची चढली. ओवायला मात्र मला बसवलं. प्रत्येक फुलागणिक मला कुणाची तरी चूळ आठवत होती. हे नवऱ्याचं, हे दिराचं, हे जरा गडद पिवळं, हे नक्की सासऱ्यांचं.

आत्याबाई मरेपर्यंत म्हणत, माणसाच्या तोंडात तेज असतं, ते झाडाला लागतं. काही तेज-बीज नसतं. मी त्या सगळ्यांची तोंडं जवळून पाहिली आहेत. चुळीचं पाणी गोडं होतं आणि विहिरीचं खारं, एवढीच ती गोष्ट. गोडं पाणी नुसतं झाडाला ओतणं कुणाला परवडत नव्हतं, म्हणून ते आधी माणसाच्या तोंडाच्या कामी यायचं आणि मग झाडाच्या. पण त्यातून माझ्या हाताला एक खोड लागली ती लागलीच. आजही गोड पाण्याचा तांब्या सरळ झाडाच्या बुडाशी ओतायला माझा हात उचलत नाही. आधी ते तोंडात घालावंच लागतं. मग टाकताना पोटातून ढवळून येतं ते वेगळं.

गाव सुटलं तेव्हा मी शेवंतीचा गड्डा तेलाच्या रिकाम्या डब्यात घालून, एसटीत मांडीवर घेऊन अकोल्याला आणला. इथं माझा मुलगा, सून आणि कॉलेजात जाणारी नात. मुलगा लहानपणापासून शेवंतीवर चूळ टाकत आलेला, त्याला त्यात काही वाटत नाही. त्याला कशातच काही वाटत नाही. सुनेला वाटतं. पण ती बरीच वर्षं नुसतं तोंड फिरवून घ्यायची. बोलायची नाही.

यंदा श्रावणात तिच्या भिशीच्या मैत्रिणी आल्या. मला वाटलं, त्या आत बसल्या असतील. माझं जेवण झालं, मी सवयीनं चूळ भरली आणि पुढच्या दारातून बाहेर आले, तर सगळ्या व्हरांड्यात. हातात साबुदाणा वड्यांच्या बश्या. "नमस्कार काकू!" "कशा आहात काकू?" गाल फुगलेले, बोलणार कशी? मी मानेनंच नमस्कार केला, त्यांच्या मधून वाट काढली, कोपऱ्यात गेले, वाकले आणि टाकली. आवाज थोडा मोठा झाला. वय झालं की गळा आपलं ऐकत नाही. मागं वळून पाहिलं तर एकीनं बशी हळूच खाली ठेवली होती.

संध्याकाळी सून आली. "आई, प्लीज. घरात बेसिन आहे."

"बेसिनला फुलं येत नाहीत."

"मी झाडाची सोय करते. तुम्ही फक्त हे थांबवा." आणि मग ते स्कूटीचं वाक्य, जे वर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिनं खरंच सोय केली. स्वयंपाकघरातल्या आरओ मशीनमधून जे पाणी वाया जातं, त्याची नळी तिनं खिडकीतून बाहेर काढून थेट शेवंतीत सोडली. "बघा, वाया जाणाऱ्या पाण्याचा उपयोग. आणि किती स्वच्छ!"

मी पाहिलं. नितळ. गार. काचेसारखं.

आता सांगा, एवढी विहीर भोगलेल्या बाईनं त्या पाण्यात बोट घालून जिभेला लावायला नको होतं? नाही लावलं. मला आनंद झाला! सकाळी उठून ढवळून घेणं नाही, कुणाच्या चुळीचा नेम बघणं नाही. मी उशिरापर्यंत झोपू लागले. बेसिनवर आरशात बघत दात घासू लागले. ती रुमालवाली पोरगी मेली म्हणून मी समजत होते. मेली कसली, आत पाय पसरून बसली होती, आणि नितळ पाणी दिसताच टाळ्या पिटत बाहेर आली.

भाद्रपदात उघाड पडली. गणपती उठले तशी मी एकदा कळ्या किती आल्या ते बघायला वाकले. पानांच्या कडा तपकिरी, करपलेल्या, कागदासारख्या कुरकुरीत. आणि मातीवर पांढरी साय.

माझ्या कोपरापाशी त्या जुन्या लगद्याचा थंडगारपणा फिरल्यासारखा झाला. मी नळीखाली बोट धरलं आणि चाखलं. गावातल्या विहिरीचीच चव. आरओ मशीन आपल्यासाठी गोडं पाणी ठेवून घेतं आणि सगळा खार त्या नळीतून बाहेर हाकलतं. ते इतके दिवस माझी शेवंती पीत होती. मी थुंकले, पण सवयीनं शेवंतीत थुंकले नाही, हे तिचं नशीब.

सुनेला हाक मारली. "हे जरा चाखून पाहा."

"आई! ते वेस्ट आहे. प्यायचं नसतं ते!"

"मग शेवंतीनं काहून प्यायचं?"

"झाडांना चालतं. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्या घालतात."

"कशाला? ठोकळे वाढवायला?"

मग बघितलं तिनं खाली वाकून, नाकाला ओढणी लावून. करपलेलं पान हातात घ्यायला गेली, त्याखालून एक गोगलगाय लोंबत निघाली, तशी किंचाळून आत पळाली. मला माझं लग्नाचं वर्ष आठवलं.

मी नळी काढली. खार धरलेली वरची माती खरवडून टाकली, फाटकाकडे पाण्याला वाट करून दिली. आता हवं होतं गोडं पाणी, आणि घट बसायला फार दिवस नव्हते. नळ कधी येईल ते नळालाच माहीत. तांदळाचं धुवण घालते मी, पण आमच्या घरात भात शिजतो केवढा? सगळ्यांना शुगर. म्हणून मी पुन्हा जुन्या वाटेला लागले. पहाटे उठणं, चूळ, मळमळ. मुलगा पेपर वाचता वाचता उठून टाकून जायचा. नात म्हणाली, "आजी, शी! कुणी बघितलं तर?"

"कोन बघते तुले?"

"समोरच्या घरात माझ्या वर्गातला राहतो."

"मग त्याले बी बोलाव. एक तोंड वाढलं."

ती आधी फाटक लावून घ्यायची, मग पाठ वळवून, ओंजळीआड तोंड लपवून टाकायची. टाकून झाल्यावर अंगावर पाल पडल्यासारखी पळायची. सुनेला मी काही म्हटलं नाही. ती व्हरांड्यात उभी राहून बघायची, कपाळाला आठ्या घालून, आणि आत जायची.

कळ्या तग धरून होत्या. थोड्या, मिणमिणत्या. खालच्या बाजूनं काही फुटवे सडलेच, ते मी उपटले. हाताला तोच वास. मी जेवले नाही त्या दिवशी.

एक सकाळ अशी आली, की पानांवर पांढरे ठिपके दिसले. वाळलेले, फुगे फुटल्यासारखे. मला वाटलं, आता ही कोणती नवी कीड? वाकून वास घेतला तर पुदिना. टूथपेस्ट! मी नातीला धरलं. "फेस टाकतं का वं शेवंतीत? फेसानं झाड मरते! आधी आत जाऊन फेस थुंकायचा, मग साध्या पाण्याची चूळ बाहेर टाकायची, सांगतलं नव्हतं?"

"मी नाही, आजी! शप्पथ!"

दुसऱ्या दिवशी मी जरा लवकरच उठले आणि दारामागं उभी राहिले. उजाडत होतं. स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि सून बाहेर आली. एका हातात ब्रश. तिनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, समोरच्या घराच्या खिडकीकडे पाहिलं. गाल फुगलेले. डोळे घट्ट मिटले. आणि पुण्याची ती शालीन बाई कमरेतून वाकली आणि तिनं अशी काही चूळ टाकली, की अर्धी शेवंतीवर, अर्धी स्वतःच्या गाउनवर, आणि पांढऱ्या फेसाची एक लाळ हनुवटीवरून लोंबत राहिली.

शी! काय घाणेरडी दिसत होती! मी इतकी वर्षं दिवसातून दोनदा अशी दिसत आले, हे मला तेव्हा कळलं.

"फेस नाही!" मी ओरडलेच. "फेस नाही! फेस आत थुंकून ये आधी!"

ती दचकली, उरलेला फेस तिनं गिळला, आणि तिचं तोंड असं झालं की बस. तशीच आत गेली. मला वाटलं, संपलं आता, उद्या ठोकळेवाल्याला फोन जाणार. पण थोड्या वेळानं ती पुन्हा बाहेर आली, गाल पुन्हा फुगलेले, या वेळी साध्या पाण्यानं. माझ्याकडे न बघता टाकली. नेम बरा होता.

घटाच्या दिवशी मी फुलं खुडली. ओंजळभरही नव्हती. सुनेनं ती आरओच्या गोड्या पाण्यात धुतली, मग पुन्हा धुतली, मग पुन्हा. मी म्हटलं, आता रंग जाईल. ती म्हणाली, "जाऊ दे." ओवायला बसली तर माळ वीतभरच झाली. बाजारातल्या फुलांची पुडी ओट्यावर होती, मी ती पाहिली होती. तिनं तिच्याकडे हात नेला नाही. दोन्ही बाजूंनी लांब दोरा सोडला, आणि ती इवलीशी पिवळी माळ घटावर बरोबर मधोमध येईल अशी बांधली.

मुलगा आरतीचं ताट घेऊन उभा होता. तो म्हणाला, "मग त्या कोपऱ्याचं काय ठरलं? ठोकळेवाला विचारत होता."

"आरती म्हणा आधी," सून म्हणाली.

आरती सुरू झाली. कापूर पेटला, ऊद धुपला, आणि त्या सगळ्यातून, माळेला ज्योतीची ऊब लागली तसा, शेवंतीच्या कडवट वासासोबत एक बारीक वास वर आला. पुदिन्याचा. तीनदा धुऊनही. मी पदर नाकाला लावला.

सुनेनं टाळ्या वाजवता वाजवता माझ्याकडे पाहिलं. "काय झालं, आई?"

"काही नाही," मी म्हटलं. "धूर लागला."